ईश्वरीची खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं दैवशाला, तू होय. नवा नंबर कुणाचा?… मैत्रिणीचा. थांब, ओट्यावर येते, घरात आवाज तुटतो… हं, बोल आता.

हो, हो, झालंय सगळं. गणवेश धुतला… कशात म्हणजे? पाण्यात. दुष्काळ आहे म्हणून पोरीला मळकी पाठवीन का तुझ्या परीक्षेच्या पाठाला? आंघोळीचं पाणी परातीत धरून ठेवलं होतं, त्यात काढला धुऊन… हसू नको. तुमच्या वसतिगृहात तरी कुठं गंगा वाहते.

हे? हे डेअरीवर गेलेत. दूध आलंय निम्म्यावर, तरी चेअरमनला माणूस जागेवर लागतो… तुमचं बरं आहे बाई. कारखाना बंद, पण कारखान्याच्या संस्थेचं डी.एड. कॉलेज चालू. साखर निघत नाही तर नाही, मास्तर तरी निघतात.

बरं, मला आधी एक सांग. ईश्वरीला उद्या बसवणार कुठं?… खुर्चीवरच ना? मी बोललेय तिसरीच्या गुरुजींशी. म्हटलं, तिला वेगळी खुर्ची द्या, पुढं, दाराजवळ… अगं, बाकावर घसरते ती. डावा पाय टेकत नाही नीट, डाव्या हातानं धरता येत नाही… तुला माहीत आहे गं, तू मावशी आहेस. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला माहीत आहे का? तो म्हणायचा, ही पोरगी अशी वाकडी का बसलीय.

आणि खुर्ची वेगळी असली की त्या संजीवनीपासून पण सुटका… कोण म्हणजे? ऊसतोडवाल्यांची पोरगी. आईबापाबरोबर फडावर होती. यंदा ऊसच नाही, सगळे लवकर परत आले, आणि ही संक्रांतीनंतर वर्गात आली. नेमकी आमच्या ईश्वरीच्या शेजारी, एकाच बाकावर. डोकंभर उवा. मागच्या रविवारी ईश्वरीचं डोकं मांडीवर घेऊन दुपारभर बसले मी… काय समावेशक? मी भेदभाव करत नाही, दैवू. मी उवा काढते.

हं… हं… वाच की, ऐकते… ‘विशेष गरजा असलेल्या बालकाचा… अध्ययन प्रक्रियेत… सक्रिय सहभाग’. बाई गं… नाही, छान आहे. शैक्षणिक साहित्यात काय काय लिहिलंस?… तक्ता, मडकं, रंगीत खडू… ईश्वरी नाही ना लिहिली त्यात? तक्ता, मडकं, खडू, ईश्वरी…

अगं चेष्टा करते. थोडी चेष्टा, थोडं खरं. आमच्या आत्याबाई काय म्हणाल्या माहीत आहे का? म्हणाल्या, “कशाला न्हेती तुझी बहीण पोरीला, परदर्शनात मांडायला?” … मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, आत्या, ती शिक्षिका व्हायलीय, उद्या अशी लेकरं तिच्या वर्गात येतील, तर शिकायला नको का… त्या काय म्हणणार? म्हणाल्या, “मंग दुसऱ्याच्या लेकरावर शिक म्हणावं.”

काय केलंत?… एकमेकींचा डावा हात बांधला? कशानं?… ओढणीनं. कुणी सांगितलं?… मॅडमनी. ईश्वरीला काय वाटतं ते कळावं म्हणून… मग कळलं का?… एक तास. बरं आहे. वेणी घालायच्या वेळेला बांधायचा होता, लवकर कळलं असतं.

नाही गं, रागावले नाही. पण मी एवढं का विचारते, तुला ठाऊक आहे. दोन वर्षं शाळेचं नाव काढलं की दाराची चौकट धरून बसायची. आता कुठं आपण होऊन दप्तर उचलते. उद्या परीक्षकासमोर काही झालं, सगळा वर्ग हसला तिला, तर पुन्हा ती चौकट. तुला पाठ दुसऱ्यांदा देता येईल, दैवू. माझी पोरगी एकदा घरी बसली की बसली… हं. तेच म्हणते मी.

विषय काय घेतलास?… ‘पाणी कुठून येतं’? मार्च महिन्यात? अगं, पोरं म्हणतील टँकरमधून… म्हणालीच ना? मग?… ‘पावसापासून’ असं घोकून घेतलंस. बरं केलंस. एखाद्यानं पाऊस बघितला असेल तर त्याला चित्र पण काढायला सांग.

हो… हो… म्हणजे आज सराव पण झाला, आख्ख्या पाठाचा? आणि मला आत्ता सांगतेस… प्रश्न विचारला की सगळी हात वर करतात? सगळीच्या सगळी? एवढी हुशार कधी झाली तिसरी?… आं?… कसं, कसं?… येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा… म्हणजे परीक्षकाला सगळा वर्ग हात वर केलेला दिसणार, आणि तू विचारणार उजव्यातल्या एकाला… कुणी शिकवलं हे?… मागच्या वर्षीच्या मुलींनी. अगं, हे जुनंच आहे. आमच्या वेळेला तपासणीला साहेब आले की मोहनराव गुरुजी हेच करायचे. मी गणिताला चौथीपर्यंत डावा हात वर करून हुशार राहिलेय.

नाही, नाही, युक्ती लई भारी. परीक्षकाला काही कळत नाही. आणि कळलं तरी बोलणार नाही, तो पण ह्यातूनच…

थांब.

दैवू, थांब जरा. येत नसेल त्यानं कोणता हात?… पुन्हा सांग… डावा.

मग ईश्वरीनं कोणता वर करायचा?



तासभर हात बांधून बसलात, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही?… बरं, बरं, रडू नको. फाइल कशाला फाडतेस, फाइलीनं काय केलंय तुझं.

अगं ऐक… ऐक ना. तिला येवो न येवो, वर होणार तो उजवाच. दुसरा वर जातो कुठं तिचा? आणि तू तर पहिला प्रश्न तिलाच विचारायचा असं लिहून बसलीयस… सक्रिय सहभाग, हो. मग ती उभी राहणार, तिला येत नसणार, आणि सगळा वर्ग… हं. मी मघापासून काय म्हणतेय.

डोळे मिचकवायचे? तीस पोरं एकदम परीक्षकाकडं बघून डोळे मिचकवायला लागली तर तो काय समजेल?… डोकं खाजवायचं? मग संजीवनीला कधीच काही येत नाही असं धर… नको, दैवू, मूठ पण नको. तिची डावी मूठ उघडते का?… काय? तिनं हातच वर नाही करायचा? म्हणजे सगळ्यांचे हात वर, आणि माझी पोरगी एकटी, हात खाली घालून, दाराजवळ, वेगळ्या खुर्चीत?

हो, खुर्ची मीच सांगितली. आठवतंय मला.

राहू दे. मी नाही पाठवत उद्या. ताप आलाय म्हणून कळवते गुरुजींना… आता ऐनवेळी तुला दुसरं असं मूल कुठं मिळेल, ते मला काय ठाऊक… मी तुझी बहीण आहेच गं. पण आधी तिची आई आहे.

काय गं?… एक मिनिट, दैवू, ही मागं येऊन उभी राहिलीय. केव्हापासून ऐकतेस तू?… नाही, ताप नाही आला तुला, उगंच म्हणाले मी… जायचंय? अगं, पण तिथं हात वर… काय?… आज केलास? डावा? खोटं नको बोलू. कसा केलास?

दैवू, ऐकतेस का? ही म्हणती, संजीवनी करते. हिच्या मनगटाला धरते आणि आपल्या हाताबरोबर हिचा हात वर नेते… तू कशी बघशील, तू फळ्यावर मडकं काढत होतीस.

आणि तुला येत नाही हे तिला कसं गं कळतं?… बाकाखाली तिच्या पायावर पाय देतेस. बरं… आणि दुखत नाही का, असा वर ओढला की?… गुदगुल्या होतात. म्हणून तुम्ही दोघी हसत होता… दैवू, तू रागावलीस ना त्यांना, हसू नका म्हणून?… हो, सांगितलं तिनं.

आणि संजीवनीला येत नसलं तर?… दोन्ही डावे वर. तिचा पण, तुझा पण. अगं, पण तुला येत असलं तर?… ऐक, दैवू, ही काय म्हणती. म्हणती, ‘मला येत होतं, पण तिला येत नव्हतं ना.’

…

हो, आहे मी. हिला जवळ घेतलं जरा.

तू बोल… हं… हं… सगळंच काढून टाकतेस? उजवा पण नाही, डावा पण नाही?… आणि ज्याला येत नाही त्याला नुसतं ‘येत नाही’ म्हणू द्यायचं, परीक्षकासमोर?… मला काय विचारतेस, मी साधी बी.ए. मला तर वाटतं, ज्याला येत नाही त्याच्यासाठीच गुरुजी ठेवलेला असतो… मार्क? कापले तर कापले. भीती मला पण वाटते, तुझ्या दुप्पट वाटते.

आणि हे बघ, खुर्ची नको. गुरुजींना मी सकाळी सांगते. बाकावरच राहू दे, जिथं बसते तिथं… घसरली तर आहे की शेजारी धरायला… उवांचं मी बघते. शनिवारी बोलावते तिला घरी, दोघींच्या डोक्याला एकदमच फणी लावते. आत्याबाई बोलतील. बोलू देत.

मी?… नाही, मी येत नाही उद्या. खिडकीपाशी पण नाही… म्हणाले होते गं, खिडकीतून बघीन म्हणून. आता नाही म्हणते. घरी बसून तळमळते, तेवढं तर करू दे.

थांब, हिला बोलायचंय तुझ्याशी… घे गं, उजव्या हातात घट्ट धर. लवकर आटप, मैत्रिणीचा फोन आहे तो.

…

झालं बोलून?… काय सांगितलंस मावशीला?… ‘तुला नाही आलं तर तू आमच्या बाकावर ये, संजीवनी तुझा पण हात वर करील.’

मग मावशी काय म्हणाली?… फोन ठेवला? दे इकडं… हॅलो? दैवू?… ठेवलाच तिनं.