ब्रह्मपुरीचं कबड्डीप्रेम

— आकडा सांगतो ना, प्रणितभाऊ, आकड्यासाठीच तर राइस मिलच्या मालकांनी तुम्हाला एवढ्या उन्हात पाठवलं, ते काही मी विसरलो नाही. पण आधी बसा. तिथे नको, त्या खुर्चीचा एक पाय — हां, इकडे बसा. प्रफुल सावलीहून निघाला आहे, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, तुम्हाला माहीतच आहे, आणि तो मला फोनवर बजावून राहिला होता, की सर, मी पोचेपर्यंत पाहुण्याले चहा पाजा, हवापाण्याचं बोला, लिंकचं काही बोलू नका. आता हवापाण्याचं काय बोलणार? ऊन आहे. झालं. — साबिरा, चहा दोन, एक बिनसाखरेचा. — मी डॉक्टर इब्राहीम. डॉक्टर म्हणजे औषधाचा नाही, संख्याशास्त्राचा. कॉलेजात शिकवायचो, आता निवृत्त आहे. गल्लीतले लोक अजून रक्तदाब मोजायला येतात माझ्याकडे, दारावरची पाटी वाचून, आणि खरं सांगायचं तर मी मोजूनही देतो, कारण मोजणं मला येतं, त्याच्या पुढचं येत नाही.

तर लिंक. प्रफुल सावलीच्या शाळेत खेळाचा मास्तर आहे, माझा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा, बाकी सगळ्यात पक्का. त्यानं ही वेबसाइट काढली — आपल्या दोन जिल्ह्यांतल्या गावोगावच्या कबड्डीची. कुठे सामना आहे, कोण जिंकलं, कोणाच्या चढाईवर जिंकलं. चांगली साइट आहे. पण सामन्याच्या पानाचा पत्ता इतका लांब, इतका लांब, की तो बॅनरवर लिहिला तर खेळाडूंची नावं लिहायला जागा उरायची नाही. मग कोणीतरी सांगितलं की छोटी लिंक मिळते. ती केली. तर तिच्यात कुठल्यातरी परक्या कंपनीचं नाव आणि पुढे मांजर टाइपरायटरवरून चालून गेल्यासारखी अक्षरं. ती कोणी दाबेना. सावलीचा लटारू, तिथल्या संघातल्या चंचलचा बाप, माझ्याकडे मोबाइल घेऊन आला, हात लांब धरून, जणू त्यात विंचू आहे. म्हणाला, मास्तर, हिले हात लावला तं खात्यातले पैसे जातेत का जी? मी म्हटलं, नाही जाणार. तो म्हणाला, मंग तुमीच दाबा ना आधी तुमच्या फोनात. मी दाबली. त्यानं तरीही नाही दाबली.

म्हणून मग आम्ही स्वतःच्या नावाची छोटी लिंक घेतली. हे काम माझं. साइटचं नाव, मग तिरपी रेघ, मग गावाचं नाव. बस. सावलीची वेगळी, जिवतीची वेगळी, ज्या गावात संघ आहे त्या प्रत्येक गावाची वेगळी. आता लटारूला कळलं की पुढे सावली लिहिलं आहे, तर त्यानं दाबली, म्हणाला, आपल्या गावाचं नाव हाय, आपल्याले कोन लुटते. त्यानंतर ती त्यांनी जर्सीच्या पाठीवर छापली, समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवली, एका नवरदेवानं तर लग्नाच्या पत्रिकेत घातली, कारण तो संघाचा कप्तान होता. आणि सोय अशी की भिंतीवर रंगवलेलं तेच राहतं, मागचं पान आपण घरबसल्या बदलू शकतो. मागे एका गावात मैदानालगत वाघ दिसला, सामना दुसरीकडे न्यावा लागला, बॅनर तर सगळीकडे लागले होते — मी इथे बसून मागचं पान बदललं, लोकांनी तीच जुनी लिंक दाबली आणि बरोबर नव्या मैदानावर पोचले. वाघाला कळवायची सोय नव्हती, तो जुन्याच मैदानावर गेला म्हणतात.

घ्या, चहा घ्या. — नाही, आकडा आता सांगतोच. मॅटचा विषय आहे, मला त्याचं महत्त्व कळतं. सावलीच्या पोरी मातीत खेळतात. माती चांगली असते, मी म्हणत नाही की वाईट असते, पण वरच्या स्पर्धेत गेलं की मॅट असते, आणि मॅटवर पाय वेगळा पडतो. चंचल मागच्या वर्षी नागपूरला पहिल्याच चढाईत घसरली. सावलीत तिला चार जणी मिळून धरू शकत नाहीत, आणि तिथे तिला कोणी धरलंच नाही, ती आपली आपणच पडली.  परत येऊन जीपमधून उतरल्यावर प्रफुलला म्हणाली, सर, ती जमीन माही नव्हती. तर मॅट पाहिजे. आणि तुमचे मालक म्हणाले, देतो, साइटवर आमच्या तांदळाचं नाव वर टाका, पण आधी सांगा, ती लिंक महिन्यात किती लोक दाबतात? वाजवी प्रश्न आहे. मी असतो तर हाच विचारला असता. प्रफुलनं मला विचारलं, मी प्रफुलला आकडा दिला, प्रफुलनं तुम्हाला दिला, तुम्ही तो त्या कागदावर लिहून आणला आहे, मला इथून उलटा दिसतोय. हो. तोच. तो आकडा बरोबर आहे. म्हणजे मोजणी बरोबर आहे. लिंक दाबली गेली तेवढ्या वेळा. कोणी दाबली, हा वेगळा प्रश्न झाला, आणि तो तुम्ही विचारलेला नाही, त्यामुळे —

बिस्किट घ्या ना.

आता बघा, माझा स्वभाव असा आहे की रात्री गॅस बंद केला की मी पुन्हा जाऊन बघतो बंद आहे का, आणि पलंगावर आडवा झालो की वाटतं, बघताना हात लागून चालू तर नाही झाला, म्हणून पुन्हा जातो. साबिराला विचारा. लिंकचंही तसंच. आमची तिरपी रेघ आहे, नवी गोष्ट आहे, तुटली तर? पोरींचे बाप भिंतीसमोर उभे राहून दाबतील आणि काहीच उघडणार नाही. म्हणून फजरची नमाज झाली की मी एकदा दाबून बघतो. चालते. मग चहा घेताना वाटतं, सकाळी वर्दळ नसते म्हणून चालली असेल. मग पुन्हा. मग जेवणाआधी. वीज जाऊन आली की लगेच. गावागावाच्या लिंका मी दाबत नाही, फक्त ब्रह्मपुरीची दाबतो, कारण एक चालली म्हणजे सगळ्या चालतात, असा माझा समज आहे. तुम्ही म्हणाल, ब्रह्मपुरीला तर संघच नाही. बरोबर. लिंक आहे. मी केली, संघ नाही म्हणून तिच्यावर सगळ्या गावांच्या पुढच्या सामन्यांचं पान उघडतं. राहतो इथे, आपल्या गावाची नसावी हे बरं दिसलं नसतं.

पहिल्या महिन्याचा हिशेब पाहिला तर सगळ्यात वर ब्रह्मपुरी. सावलीच्या कितीतरी पट. संघ नाही, मैदान नाही, आणि सगळ्यात वर. मी चक्रावलो. मग विचार केला की कारण असलंच पाहिजे. कॉलेजांचं गाव आहे, तरुण पोरं खोल्या घेऊन राहतात, आपापल्या गावची आठवण येते, मग दाबतात. बसलं की नाही सगळं? मी त्यावर लेखच लिहिला, साइटवर आहे अजून, ‘ब्रह्मपुरीचं कबड्डीप्रेम’, दोन आलेखांसह. प्रफुलला फार आवडला. त्यानं तो तुमच्या मालकांना पाठवला. हो, तोच तो, तुमच्या कागदाला टाचलेला. — हसू नका, प्रणितभाऊ. बरं, हसा. नंतर मला ताप आला, नुसता पडून होतो, फोनकडे बघवत नव्हतं. उठलो आणि हिशेब पाहिला, तर तेवढे दिवस ब्रह्मपुरीत कबड्डीवर कोणाचंच प्रेम नव्हतं. एकाचंही. मी बरा झालो तसं तेही परत आलं.

आता तुम्हाला वाटेल, एवढा शिकलेला माणूस. मलाही तेच वाटलं. आम्ही घेतली ती फुकटातली योजना आहे, एकानं शंभरदा दाबलं की शंभर जणांनी एकेकदा, ती काही वेगळं सांगत नाही. ते तिथे लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. वाचलेलं मला कधी उपयोगी पडत नाही, घाबरल्यावर तर मुळीच नाही.

आणि दुसरी बाजू पण ऐका, कारण चूक एकाच बाजूनं झाली असती तर मी वजाबाकी करून मोकळा झालो असतो. जिवतीच्या पोरींचा संघ जंगू चालवतो. डोंगरावर गाव त्याचं. जिवतीच्या लिंकचा आकडा प्रत्येक सामन्यानंतर एक. कधी दोन नाही, कधी शून्य नाही. एक. मला वाटलं, बिचारा एकटाच बघतो. मध्ये तो संघ घेऊन इथून गेला तेव्हा जेवायला थांबला होता. मी विचारलं. म्हणाला, सर, पाड्यावर नेटवर्क नाई, मी मोबाइल घेऊन टेकडीवर जातो, दाबतो, पान उघडलं की तसंच धरून खाली येतो. खाली सगळे बसून राह्यते. म्हाताऱ्या बाया पण. मी वाचून दाखवतो, कोनाच्या पोरीनं किती गडी बाद केले. मी म्हटलं, मग नंतर कोणी आपलं आपण नाही दाबत? तर म्हणाला, पुन्हा काऊन दाबावं? वाचून तं झालं.

तर आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला कुठला आकडा देऊ. इथे मी एकटा शेकड्यात आणि तिथे अख्खा पाडा मिळून एक. परवा सावली आणि जिवतीचा सामना आहे, त्याची वेळ आणि संघांची नावं काल सकाळी साइटवर टाकली, आणि तेव्हाच ठरवलं की प्रणितभाऊ येईपर्यंत लिंकला हात लावायचा नाही. फोन फ्रिजवर ठेवला. तो काय, तिथेच आहे, पालथा. काल सकाळपासून. किती वेळा उठलो आणि फ्रिज उघडून बंद केला, साबिरानं शेवटी विचारलं, भूक लागली का. पण हात लावला नाही. म्हणजे त्यात आता जो आकडा असेल तो खरा. माझ्याशिवायचा. प्रफुलला हे माहीत नाही. त्याला कळलं तर — तो पोरींना सांगून बसला आहे ना, मॅट येणार म्हणून. चंचलनं शाळेच्या वऱ्हांड्यात जागा पण झाडून ठेवली, गुंडाळून कुठे ठेवायची ती.

थांबा, फोन मीच काढतो, मीच उघडतो. चष्मा. — हं. कालपासूनचे बघतो. सावली, नऊ. नऊ ठीक आहे, सामना अजून व्हायचा आहे, नुसतं वेळ बघायला नऊ म्हणजे मी म्हणेन चांगलंच. लिहा, नऊ. जिवती, एक. सांगितलं होतं ना, एक. गेला बघा टेकडीवर. लिहा. ब्रह्मपुरी.

ब्रह्मपुरी सत्तेचाळीस.

नाही, मी नाही. खरंच नाही, फोन तुमच्यासमोर काढला मी. सत्तेचाळीस कसे? थांबा, विद्यार्थी असतील, खोल्या घेऊन राहतात ते, म्हणजे माझा लेख कदाचित — साबिरा. साबिरा, जरा बाहेर ये. फ्रिजवर ती चिठ्ठी चिकटवली होती मी, लिंकची, ती कुठे गेली? — ओट्यावर? ओट्यावर काऊन? — काय? — प्रणितभाऊ, ती म्हणते, काल दिवसभर तुम्ही लिंकची तब्येत पाहिली नाही, नुसते फ्रिज उघडत-लावत होता, मला वाटलं तुम्हाला बरं नाही, म्हणून भाजी चिरता चिरता मीच माझ्या फोनात पाहत होते. — आणि? — आणि पाहुणा येणार, आकडा कमी दिसायला नको, असंही म्हणते. कबड्डीत किती गडी असतात ते ठाऊक नाही तिला. सत्तेचाळीस वेळा. भाजी कुठली होती काल? — कोहळं. बरोबर, त्याला वेळ लागतो.

खोडा ते. ब्रह्मपुरी पूर्ण खोडा, आणि तो लेख पण काढून घ्या टाचणीतून. सावली नऊ, जिवती एक. मालकांनी विचारलं की एक म्हणजे काय, तर म्हणावं, तो एक म्हणजे किती माणसं ते तिथे जाऊन मोजावं लागेल. नाही देणार ते मॅट, मला कळतं, मी असतो तर — मला माहीत नाही मी काय केलं असतं. मी बहुतेक अजून एक महिना थांबून पाहू म्हटलं असतं.

हे काय? अठ्ठेचाळीस? साबिरा तर इथे उभी आहे. — तुम्ही? आत्ता? साबिरानं आणलेल्या त्या चिठ्ठीवरून? पण कशाला, मी सांगितलं ना की चालते, सगळं वाजवीपेक्षा जास्त चालतं — काय? परवाची वेळ बघायला?

सकाळी नऊ. सावलीच्या शाळेचं मैदान. खाली बघा, पोरींची नावं आहेत, चंचल तिसरी. सावकाश बघा.

मी कधी बघायला नाही दाबलं.

असू द्या. ब्रह्मपुरीपुढे एक लिहा. मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये असा नियम आहे, पण तुम्ही लिहा, मी शंका काढणार नाही. — आणि आता उठा. ती जीपच वाजते आहे कोपऱ्यावर, प्रफुल आला तर तो तुम्हाला जुनाच आकडा सांगेल, आणि फार छान सांगेल. मागच्या दारानं जा. चप्पल साबिरा तिकडे आणून ठेवेल. जा, जा, भाऊ.