पाच नंबरचा शेवटचा जोड

हॅलो?

हां, बोल ताई… अगं, नाव काय सांगतेस, आवाज ओळखतो की तुझा. जन्मल्यापासून ओरडतेयस माझ्यावर.

नाही नाही, घरीच आहे. दुकान लवकर बंद केलं. उद्यापासून शाळा सुरू, म्हणजे आमचा सीझन संपला. आज दुपारपर्यंत नुसता बाजार भरला होता…

अगं काय सांगू तुला! पोरगा बसलेला असतो माझ्यापुढे स्टुलावर. ताडमाड उंच, मिसरूड फुटलेलं. आणि आई खाली वाकून बुटाचं टोक अंगठ्याने दाबतेय. 'एक नंबर मोठा द्या हो, पुढच्या वर्षी पण आले पाहिजेत.' पोरगा छताकडे बघतोय. ही बाई कोण, आपल्याला काय माहीत!

मी काय म्हणणार? म्हटलं, बाई, न्या मोठा, पण वर्षभर बदकासारखा चालेल तो. हसली. आणि एक नंबर मोठाच घेऊन गेली.

हो, हो… आणि एक बाप आला होता. पोरगी आत बूट बघतेय आणि हा माझ्या कानाला लागून विचारतो, 'या वयात मुलींना नक्की काय आवडतं हो?' मी म्हटलं, बाप दुकानाबाहेर उभा राहिलेला आवडतो.

गेला ना! खरंच गेला बाहेर. बिचारा काचेतून बघत होता.

खारू? आहे की. तिच्या खोलीत. दार लोटलेलं आहे, आत खुडबुड चाललीय. दप्तर भरत असेल.

हो गं, नववी. नवी शाळा. जुनी आठवीपर्यंतच होती ना…

कशी म्हणजे? तशीच. 'हूं' आणि 'उंहूं'. दोनच शब्द उरलेत पोरीकडे. ती चष्मिस मैत्रीण नव्हती का तिची… हां, तीच, दोघी मिळून एक पेन्सिल कुरतडायच्या. तिच्या बापाची बदली झाली, गेली ती दुसऱ्या गावाला. तेव्हापासून आमच्या घरातलं हसणं बंद. आईशप्पथ ताई, पोरगी हसलीच नाहीये. मध्यंतरी मी डोक्यावर बुटाचा खोका घालून जेवायला बसलो. सबंध जेवण! तर ही विचारते, 'बाबा, भाजी वाढू?'

हसू नकोस. मला लागलं ते. तेव्हापासून मीही गप्पच असतो घरात.

नाही. अजिबात नाही. आज काही करणार नाही मी. शब्द दिलाय हिला.

हो, तुझ्या भावजयीला! दुसऱ्या कुणाला शब्द द्यायची माझी छाती आहे का? म्हणाली, 'उद्या पोरीचा नव्या शाळेत पहिला दिवस, ती आधीच धास्तावलीय. आज एक जरी खोडी केलीस तर दुकानातच झोपायचं.' म्हटलं बरं. खोक्यांची उशी काही वाईट नसते, पण पाठ धरते माझी.

रिवाज आहे, मान्य. शाळेच्या आदल्या दिवशी तिच्या सामानात काहीतरी घुसवायचं, दरवर्षी… पाचवीत तो बटाटा, हो! कंपासपेटीत, डोळे-नाक काढून झोपवला होता. आणि गेल्या वर्षीची पिपाणी! विसरलीस? अगं, दुडदुडत्या पोरांच्या चपलांत नसते का, पाऊल टाकलं की पीं करते… ती काढून मी हिच्या बुटात बसवली, टाचेखाली. मैदानभर पीं पीं करत गेली. सगळी शाळा हसली, ही तर पोट धरून. बाईंनी बोलावून घेतलं मला. रागवायला म्हणून तोंड उघडलं आणि त्याच हसत सुटल्या.

पण तेव्हा शाळा ओळखीची होती गं. नव्या शाळेत पाच तुकड्या, आणि एक तोंड ओळखीचं नाही. तिथे पीं वाजलं तर काय होईल?… नाही बाबा. एवढं कळतं मला.

म्हणून आज मी सद्गृहस्थ. सकाळी वह्यांना कव्हरं घातली. पाण्याची बाटली धुतली, झाकण गळतंय का बघितलं. मोज्यांच्या जोड्या लावल्या. एकाही मोज्याला गाठ मारली नाही! हाताला मुंग्या आल्या, ताई.

ही ना? शिंप्याकडे गेलीय. खारूची पँट लांब होतेय, दोन बोटं आत घ्यायला… थांब हं. खारू! दारात काय करतेयस गं?… काही नाही म्हणते. पाण्याला उठली होती. गेली परत आत.

बरं, तू फोन कशाला केला होतास?… असाच? तू असाच फोन कधीपासून करायला लागलीस? एरवी दोन मिनिटं झाली की 'दूध उतू चाललं' म्हणून ठेवतेस.

आज दूधच नाही घरात? बरं. माझं नशीब.

बूट? आणलेत की! बूटवाल्याची पोरगी काय अनवाणी जाईल?… हां, तसे आज दुपारपर्यंत नव्हते. दिव्याखाली अंधार. गावभरच्या पोरांचे पाय मापले आणि घरचीच राहिली. पाच नंबरचा एकच जोड शेवटचा उरला होता, तो मी काउंटरखाली लपवला. एक बाई हटूनच बसली, 'त्या खोक्यात काय आहे?' म्हटलं, मांजर व्यालीय, हात घालू नका.

अगं, खारू पण आली होती दुपारी दुकानात. स्वतःहून! मी चाटच पडलो. मागे जाऊन बसली, मला खोके रचून दिले. एक शब्द नाही. म्हटलं, ठीक आहे, बोलत नाही तर नाही, बापाजवळ येऊन बसली तरी.

नाही, घातले नाहीत अजून. 'उद्या घालीन' म्हणाली.

आत्ता?… आत्ता कशाला काढू? खोक्यात आहेत, नीट आहेत… अगं ऐक ना… हो, पण… लेसा घातल्यात की नाही ते मी सकाळी बघीन ना!… बरं बाई, बघतो. आत्याबाईला मिशा असत्या तर म्हणतात लोक, तुला आहेतच त्या. थांब, फोन खांद्यात धरतो… हां… कागद काढला…

हे काय?

थांब. थांब जरा, ताई.

नाही, नाही, नाही…

अगं, दोन्ही एकाच पायाचे आहेत!

बूट गं! दुसरं काय? दोन्ही बूट एकाच पायाचे!… कसे म्हणजे? मलाच कळत नाहीये कसे! सबंध हयात बुटांत गेली माझी, डोळे मिटून जोड लावतो मी… त्या जुळ्या! त्या जुळ्या मुली आल्या होत्या सकाळी, चार बूट एकदम जमिनीवर पसरलेले, त्यांची आई घाई करतेय, मी दिले उचलून… म्हणजे त्यांच्यातली एकजण पण या घडीला अशीच डोक्याला हात लावून बसली असेल!

अगं दुसरा जोड कुठला? पाच नंबर संपला म्हणतोय ना! शेवटचा होता हा. बाकी सगळी दुकानं आता बंद झाली असतील…

हो, जुने आहेत. अंगठा बाहेर डोकावतोय त्यांच्यातून. ते घालून जाईल उद्या? नव्या वर्गात, पहिल्या दिवशी? माणूस नवा असला की नजर आधी पायाकडे जाते, ताई. माझा धंदाच तो, मला सांगू नकोस. आधीच पोरीचा पाय उचलत नाहीये, आणि बाप असा!

हो, हो, ऐकतोय… शांतच आहे मी. हा आवाज शांतच आहे… काय?… हो ना, दोन्ही डावे. डाव्या पायाचे दोन घेऊन काय मी…

थांब.

ताई, तुझ्याआधी 'डावे' मी कधी म्हटलं?

नाही. मी म्हटलं एकाच पायाचे. डावे तू म्हणालीस.

अंदाज? अरे वा. बरा बसला अंदाज.

आता फोन ठेवू नकोस. थांब, उजेडात धरतो. हा एक जरा फिकट दिसतोय. उन्हाने विटलाय. आणि खाली… चिकटपट्टी! ताई, हा शोकेसमधला बूट आहे!

अगं, काचेत आम्ही एकच पाय मांडतो ना. कायम डावा. कुणी उचलून पळाला तरी चोराच्या काही कामाचा नाही… आणि नंबर बघ याचा! सहा! एक नंबर मोठा! माझ्याच घरात!

पण शोकेसला मी आज हात लावलेला नाही. मग दुपारी मागे बसून खोके कोण रचत होतं?…

हसतेयस ना? तोंडावर हात दाबून हसतेयस. नाकातून ऐकू येतंय मला.

हळू. हळू बोल. दाराच्या फटीतून एक डोळा दिसतोय… हो, तिचाच. दुसऱ्या कुणाचा डोळा असणार?

म्हणजे हे तू शिकवलंस तिला?… नाही? सगळं तिचं? तू फक्त फोन करायचा, बोलत ठेवायचं आणि खोका उघडायला लावायचा?… खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ घे.

कधी फोन केला तिने तुला?… काल? आणि काय म्हणाली?

…

असं म्हणाली?

'बाबा बिचारे किती दिवस गप्प गप्प आहेत, मला बघवत नाही.' अस्संच म्हणाली?

अगं, पण मी तिच्यासाठी गप्प होतो! आणि ती… म्हणजे आम्ही दोघं घरात बसून एकमेकांसाठी…

नाही. काही नाही. पॉलिशचा वास आहे गं, नाक चुरचुरतं.

ए, सांगायचं नाही तिला! मला कळलंय हे अजिबात सांगायचं नाही. आता मी फसणार. नीट, व्यवस्थित फसणार. एवढा नावाजलेला बाप फसवून ती उद्या त्या फाटकातून आत जाऊ दे. पाच तुकड्यांना पुरून उरेल पोरगी.

तू फक्त लाइनवर राहा. ऐक हं…

अगं ताई, बुडालो मी! तोंड दाखवायला जागा नाही राहिली! दोन डावे! पोरीला आता लंगडी घालत पाठवू का शाळेत?

…कसं झालं? जास्त होतंय? बरं, जरा रडवा आवाज काढतो.

माझी अक्कल गहाण पडली गं! खारू, बेटा, घाबरू नकोस हं! बाबा आत्ताच्या आत्ता दुकान उघडतो, एकेक खोका खाली ओततो!

…डोळा चमकतोय नुसता. अजून हसत नाहीये. चिवट आहे, माझ्यावर गेलीय… हो, निघतो ना, नाटक पुरं नको करायला? जिन्यापर्यंत जातो नि येतो. चपला घालतोय दारात…

हे काय वाजलं?

ताई, तू वाजवलंस?

पुन्हा! अगं, पाऊल टाकलं की वाजतंय! उजवा… डावा पण! दोन्ही चपला!

नाही, हे मी नाही करत! शपथ! हे नाटक नाही, मला खरंच माहीत नव्हतं! पिपाणी… तीच गं, गेल्या वर्षीची! जपून ठेवली होती तिने? आणि दुसऱ्या पायात कुठून… दुकानातून! माझ्याच दुकानातून ढापली! पाण्याला उठली होती म्हणे!

हे पण तुझं होतं का?… तुलाही नव्हतं माहीत? तुलाही? म्हणजे फोनवर मला बांधून ठेवलं ते खोक्यासाठी नव्हेच…

श्श्. बोलू नकोस. फोन तिकडे धरतो. नुसतं ऐक.

…

…

ऐकलंस?

दार उघडून जमिनीवर बसलीय. पोट धरलंय. बोलता येत नाहीये, नुसती बोट दाखवतेय माझ्या पायांकडे… आणि तिच्या एका पायात काय आहे सांगू? उजवा बूट! नवा! घालून बसली होती आत! लेस बांधलीय दुहेरी गाठ मारून. मापाला बरोब्बर बसलाय गं, अंगठा हलेल एवढीच जागा…

काय गं खारू?… चालून दाखवू? परत? दाखवतो. हे बघ. हे बघ… ताई, शेजारचं दार उघडलं. उघडू दे.

अरे, ही आली जिन्यात… अगं, पँट झाली का? हे… हे होय? नाही नाही, मी नाही! मी काही केलं नाही! शब्द दिला होता ना तुला!… अगं माझ्या चपलेत मीच कशाला घालीन?… खारू, सांग ना आईला. हसतेयस काय, सांग! ताई, तू सांग हिला, तू साक्षीदार आहेस. देतो हिच्याकडे फोन…

काय?

काय उतू चाललंय?

अगं, आज दूधच नव्हतं ना घरात?… ताई? हॅलो?…

हॅलो?