गोळीनंतरचा एक तास

…अन् वरून मलाच विचारते, "आवं, ही तुमचीच नवी खोडी नं?" तुम्हाला सांगतो, बायकोच्या गळ्यातल्या थायरॉईडवर कुणी खोडी करंल का? पण उभा जन्म मुकुंदवाडीत याच धंद्यात गेला. खिरीत मीठ घातलं, बाईचा आवाज काढून गॅसवाली म्हणून सोताच्याच घरी फोन केला, बायकोला, म्हंजी मंजुळाबाईला, रिकामं सिलिंडर घेऊन गल्लीच्या तोंडाशी तासभर उभी केली… आता माझ्यावर इस्वास कोण ठेवणार, सांगा.

झालं असं, की मंजुळाबाई सुजली, थकली, मे महिन्यात, जिथं कूलरबी घाम गाळतो, तिथं ही गोधडीत. डॉक्टर दीपमाला म्याडमनी रक्त तपासलं, म्हणाल्या, "काका, शरीराची फौज स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलीय. त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचाही हात असतो." मला तिथंच शंका आली. करोनात ज्या ऑक्सिजनसाठी आपण दारोदार फिरलो, तोच आता गळा जाळतो व्हय? म्याडम म्हणतात, "हार्मोन बनवायला या ग्रंथीला एक जाळणारं रसायन लागतंच, ती ते स्वतःच तयार करते. उरलेलं विझवायची सोयही तिच्यातच असते. ती कमी पडली की पेशी होरपळतात, अन् मग शरीर आपल्याच माणसांना परकं समजतं. सुरुवात नेमकी कशानं होते, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

बघा, त्यांनाबी कळलेलं नाय. माझा संशय दुप्पट. पण एकदम डोक्यात उजेड पडला. शेंद्र्याला कंपनीत मी वॉचमन होतो नं, तिथं एकदा वेल्डिंगची ठिणगी चिंध्यांवर पडली, धूरच धूर, अन् आठ दिवस आम्ही सगळे वॉचमन बिथरलेले, त्यात मालक हाफ चड्डीत मागच्या गेटनं आले… धरली मी गचांडी, वाजवली शिट्टी, चौघांनी मिळून मालकालाच चोर म्हणून टाकीमागं बसवलं. म्हंजी मंजुळाबाईच्या गळ्यात सगळे माझ्यासारखेच वॉचमन भरलेत. लई वाईट वाटलं बघा.

मंजुळाबाई वजन करायला बाहेर गेली, तेवढ्यात म्याडम मला म्हणाल्या, "गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत. नंतर तासभर चहा नाही." घात इथंच झाला. घरी जाऊन मी सांगितलं, तर ही गदागदा हसली. "चहा बंद? मागच्या साली साखर मोजून खायचा सरकारी हुकूम आलाय म्हणलं व्हतं तुम्ही." मी शपथ घेतली, तर अजून हसली. तीन महिने गोळी चहाच्या घोटासंगंच गिळली, माझ्याकडं डोळे रोखून, फुर्र फुर्र आवाज काढून. गोळी अंगाला लागलीच नाय. मग चार पायऱ्या चढली तरी भिंत धराया लागली, अन् एक दिवस मी नकला केल्या तर हसायलाबी तिला दम पुरंना. तेव्हा मला भ्या वाटलं. खरं सांगतोय. पण माझ्यावर इस्वास कोण ठेवणार?

परत नेली. रिपोर्ट आधीपेक्षा वाईट. म्याडमनी विचारलं, "काकू, गोळी कशी घेता?" "चहासंगं." म्याडमनी कपाळाला हात लावला. "काकांनी सांगितलं नाही?" "सांगितलं की. म्हणून तर चहासंगं घेतली." म्याडम समजावत्यात, अन् ही त्यांनाच विचारते, "बाई, तुम्हालाबी यांनीच पढवलं नं?"

आता बोला.

शेवटी म्हणली, "खरं असंल तर यांनीबी तेवढा वेळ चहा सोडावा. सोताला तरास व्हईल अशी खोडी यांनी कधी केली नाय." म्याडमनी लगेच औषधाच्या कागदावर 'तासभर चहा नाही'च्या पुढं माझंबी नाव लिहिलं की हो.

दोन महिने झाले. सूज उतरली, गोधडी पेटीत गेली, पायऱ्या चढते, शिव्या तर जोरात देते. रोज सहाला ती गोळी घेते अन् आम्ही दोघं घड्याळाकडं बघत बसतो. परवा नाय राहवलं, मी काटा वीस मिनिटं पुढं सरकवला. तिनं गपचिप मोबाईल काढला, वेळ पाहिली, म्हणली, "माझा एक तास. तुमचा आता दीड."

समोर बसून फुर्र फुर्र पिते, अन् मी बघतो. जन्मात एकदाच खरं बोललो, त्याची ही शिक्षा.