घरचंच रगत

माहेर माहं चांदूर रेल्वेचं. लगन होऊन अमरावतीले आली, दोन पोरं झाले अन् मालक गेले, तईपासून मी क्लासेसच्या पोरांच्या मेसमंधी पोया लाटतो. काय सांगू तुमाले, तवा माया भावानं हात धरला नसता तं माया लेकरांचं काय झालं असतं. भाऊ गवंडीकाम करते. बाजाराच्या दिवशी ज्वारी घेऊन यायचा, पोरांच्या पाठीवरून हात फिरवायचा अन् जायचा, कधी बोलून दाखवलं नाई. आमच्यात भावाच्या पोरीवर पहिला हक्क आत्याचा. त्याच्या मीनाले म्या बारशातच मांगून घेतलं, पाळन्याची दोरी हातात धरून म्हनलं, हे माही सून, तं वयनी हासली, भाऊबी हासला, सारे खूश. मोठी झाली तशी माया थोरल्याले, प्रवीणले, केली. गुनाची पोरगी, अजूनबी मले आत्याच म्हनते.

मंग परी झाली, माही नात. सा-सात महिन्याची असंन, तं हातापायाचे बोटं सुजले, रडू रडू बेजार. मी म्हनलं दृष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरवल्या, तेलानं चोळलं, अन् जितकं चोळलं तितकी ती वरडे. सरकारी दवाखान्यात रगत तपासलं तं सिकलसेल निघाली. डाक्टरीनबाई समजावून सांगे, मावशी, बापाच्या रगतात अर्धं हाये, मायच्या रगतात अर्धं हाये, त्या दोघाइले काई तरास नाई, पन लेकराले दोन्ही अर्धे भेटले का बिमारी पुरी. कोनाची चूक नाई म्हने. चूक कशी नाई वो? प्रवीणचं अर्धं माया अंगातून गेलं, मीनाचं माया भावाच्या, म्हनजे आमच्या एका बापाचंच रगत दोन घरातून फिरून त्या लेकरात आलं, अन् ते दोन घरं जोडले कोनं, म्याच ना.

परी आता तिसरीत हाये. थंडी पडली, पानी कमी पेलं का तिचे सांधे दुखते, शाळा बुडते, कधी रगत चढवा लागते. अन् दुखलं तरी तीच मले म्हनते, आजी, तू नको रडू.

त्यातच मांगच्या वर्षी भाऊ घरी आला, म्हने धाकटी रेश्मा तुया राहुलले करू. राहुल माहा धाकटा. त्या दोघाचं मन आंधीच जुळलं होतं, मले माईत होतं. म्या म्हनलं, भाऊ, आंधी दोघाचं रगत तपासू. त्याचं तोंडच उतरलं. म्हने, माया पोरीत खोट काढून राहिली का तू? मी म्हनलं, खोट तं मायातबी हाये. चहा तसाच ठेवून गेला बाप्पा. पन रेश्मानंच आयकलं, राहुलसंग जाऊन तपासून आली, अन् दोघाइचंबी अर्धं-अर्धं निघालं. डाक्टरीनबाई म्हने, लेकरू चांगलंबी होऊ शकते, परीसारखंबी होऊ शकते, तुमचं तुमी ठरवा. राहुल म्हने, आई, आमी करतो. मी नाई म्हनलं. पाय धरले म्या त्या पोराचे.

रेश्माले मंग अकोल्याले, जठारपेठेत देली. तिथल्या पोराचं रगत भावानं आंधी तपासून घेतलं, पन मले लगनाले बलावलं नाई. ज्यानं माये लेकरं जगवले त्याच्या दारात पाय ठेवाले मले तोंड नाई उरलं. राहुल जेवते, कामावर जाते, बोलत नाई मायासंग. मीना बिचारी मधात. चालते, त्याइचा राग मी सोसतो.

पन परवा परीले लई दुखत होतं, मी तिचे पाय शेकून राहिली होती, तं ती मले इचारते, आजी, रेश्मामावशी काकाची बायको होनार होती ना, तू काहून नाई म्हनली? आता तुमीच सांगा, तुयासारखं लेकरू पुन्यांदा जन्माले येऊ नये म्हून, हे कोन्या तोंडानं सांगू मी तिले? म्या म्हनलं, पानी पे बाई. पेली, अन् माया मांडीवर डोकं ठेवून झोपली. लई जगो माही परी, अजून काय मांगू.