बोटीवर करून दिलेली ओळख

(१९५६, नाताळची सुट्टी. कळव्यातलं हरिहरचं एका खोलीचं बिऱ्हाड. थोरला भाऊ बाळ आणि वहिनी सरोज करंज्याहून, सरोजच्या माहेराहून, परतताना डोंबिवलीला घरी न जाता थेट इथे आली आहेत.)

सरोज : पण भावोजी, न सांगता कुणी असं निघून येतं का? माझं माहेर ते. आई सारखी विचारतेय, जेवणाखाण्यात काही कमी पडलं का म्हणून.

हरिहर : त्यांनी लाडच केले हो, वहिनी. त्यांचं काही नाही.

बाळ : मग कुणाचं आहे? लढाऊ जहाज बघून सगळे हसतखेळत परत आलो, लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागली, आणि हा गायब! अर्धं बेट पालथं घातलं आम्ही.

हरिहर : बसा. चहा टाकतो.

बाळ : चहा राहू दे, आधी ऐक. सरोजचे काका होते ना बरोबर, त्यांनी सगळं ठरवलंय. सव्वीस जानेवारीला डोंबिवलीत तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, हार! शेहेचाळीसच्या आरमारी बंडातला खलाशी आपल्यात आहे, हे कुणाला माहीतच नव्हतं, म्हणाले.

हरिहर : कसं असेल? तू कुणाला सांगू दिलंस?

सरोज : मला तरी कुठे माहीत होतं? लग्न होऊन आले तेव्हा सांगितलं, लढाई संपली म्हणून सुटून आलेत. आणि परवा तुम्ही जहाजाची शिडी चढलात काय, मागल्या अंगाला वळून खाडकन सलाम ठोकलात काय! आमच्या काकूंना वाटलं, तिकडे देवच बसवलाय. त्यांनीही हात जोडले.

हरिहर : जहाजावर पाऊल ठेवलं की त्या बाजूला सलाम करायचा, अशी रीत आहे, वहिनी. मी ठरवून नाही केला. हात आपला गेला. हाकलून दहा वर्षं झाली, पण मेल्याला अजून अक्कल नाही.

बाळ : अरे, बरंच झालं की! जहाजावरच्या त्या अधिकाऱ्याने विचारलं, आणि मी ताठ मानेने सांगितलं. हा माझा भाऊ, याच जहाजावर होता, इंग्रजांचं निशाण यानेच खाली खेचलं!

हरिहर : ऐकलं मी. तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि तो काय म्हणाला? “अच्छा अच्छा” म्हणाला, आणि लोकांना तोफा दाखवायला पुढे गेला. मी झोपायचो तिथे आता काचेचं कपाट आहे. आत चषक. बंडाचं अवाक्षर नाही.

बाळ : म्हणूनच तर सत्कार रे! तुझा मान तुला मिळतोय.

हरिहर : मला मान बापाकडून हवा होता, आप्पांकडून. बेचाळीसला तुरुंगात गेलेला माणूस. मी गोऱ्यांच्या आरमारात गेलो म्हणून बोलणं टाकलं त्यांनी. बंड मोडलं, मला घरी धाडलं, तेव्हा वाटलं, आता तरी पाठीवरून हात फिरवतील. आणि तू मला ठाण्याला फलाटावरच गाठून गप्प राहायला सांगितलंस.

बाळ : काय करायचं होतं मी? कलेक्टर कचेरीत नवा होतो. आप्पांच्या तुरुंगामुळे आधीच साहेबाचा डोळा होता माझ्यावर. त्यात बंडवाला भाऊ! आप्पांना कळतं तर त्यांनी गावभर सांगितलं असतं. घर कुणाच्या पगारावर चालत होतं?

हरिहर : तुझ्या. म्हणून तर तोंड शिवून बसलो. आप्पांनी विचारलं, बंदरात पोरं जिवावर उदार झाली, तेव्हा तू कुठे होतास? मी म्हटलं, रजेवर. त्यांनी पुन्हा चरखा ओढला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सरोज : पण दीड वर्षात इंग्रज गेले की! मग का नाही सांगितलंत?

हरिहर : दादाला विचारा. बंडवाल्यांना आपल्या सरकारनेही परत घेतलं नाही, म्हणजे शिक्का तसाच आहे, म्हणाला. आधी नोकरी कायम होऊ दे. मग बढती होऊ दे. मग म्हणाला, आप्पा थकलेत, आता त्यांना धक्का नको.

बाळ : डॉक्टरच म्हणाले होते, हरी...

हरिहर : डॉक्टरांच्या नावावर घालू नकोस. आप्पांना जाऊन वर्ष होत नाही तोच तुला कंठ फुटला. तोही सासरच्या माणसांत, मिरवायला.

बाळ : बरं, चुकलो असेन. पण सव्वीस तारखेचं काय? काकांना काय तोंड दाखवू मी?

हरिहर : शाल तूच पांघर, दादा. मी येणार नाही.

बाळ : सरोज, तू तरी समजाव याला. तुझं ऐकतो तो.

सरोज : मी काय समजावू? मला मघापासून आप्पांचं शेवटचं दुखणंच आठवतंय. जायच्या आदल्या दिवशी भावोजींनी चमच्याने पाणी पुढे केलं, आणि आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, गिळवत नसेल. मी दिलं, तर दोन चमचे प्यायले. अहो, ते कशामुळे, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?

बाळ : कळलं होतं. मी उशाशीच बसलो होतो.