साखरपुडा होईस्तोवर

(नसरापूर फाटा. हायवेच्या कडेला गोरख आणि त्याची धाकटी लेक राजनंदिनी पुण्याच्या एसटीची वाट बघत उभे.)

गोरख : स्कार्फ नीट बांध की, नंदे. तोंड झाक.

राजनंदिनी : गुदमरतंय आप्पा.

गोरख : एसटी येईस्तोवर. हितं निम्मी वेल्ह्याकडली माणसं उतरत्यात. ईचारत बसतील, कुठं चालला म्हणून.

राजनंदिनी : मागच्या बारीला जीप केली होती.

गोरख : तवा तुला चालता कुठं येत व्हतं? कान दाबून बसायचीस. आन् दवाखान्यातनं सोडलं तवा किती ब्येस झालतीस! डॉक्टरीणबाई म्हणल्या, गोळ्या चालू ठिवा, पोरगी शाळंत जाईल. गेलीस की. मग ह्ये परत कशानं झालं गं?

राजनंदिनी : गोळ्या घरीच राहिल्या, आप्पा.

गोरख : म्हंजी?

राजनंदिनी : ताईला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा मला वरव्याला मामाकडं धाडलं ना. पिशवी आईनं भरली. गोळ्या काढून घेतल्या. म्हणाली, मामीनं बघितल्या तर गावभर होईल, प्रेरणाचं जमत आलेलं मोडंल.

गोरख : मला तर म्हणली, समदं दिलंय.

राजनंदिनी : तुम्हाला काय सांगणार ती? पिशवी भरताना रडत होती.

गोरख : आन् तू? फोन का केला न्हाईस?

राजनंदिनी : केला की. आई म्हणाली, साखरपुडा होईस्तोवर कळ काढ. काढली. पहिल्यांदा तर बरंच वाटलं. झापड गेली. म्हटलं, गोळ्यांवाचून जमतंय की आपल्याला. मग एक दिवस मामीसंगं भाजी निवडत होते, आणि मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. वळायच्या आधीच कळलं मला, कोण ते.

गोरख : आत्ता बी बोलतंय का?

राजनंदिनी : हो.

गोरख : काय म्हणतंय?

राजनंदिनी : नको, आप्पा.

गोरख : सांग. बाप हाय म्या तुजा.

राजनंदिनी : म्हणतंय, तुम्हाला माझी लाज वाटते.

गोरख : खोटं हाय त्ये! साफ खोटं. त्येचं ऐकायचं न्हाई. अगं, तुजी लाज मला कशाला वाटंल, तू तर माजं...

(गावातला धनाजी येतो.)

धनाजी : काय गोरखभाऊ! हितं कुठं? आन् ही कोण, नंदी का? तोंड बांधल्यावर आपल्या गावची पोर बी वळखू ईना राव.

गोरख : व्हय व्हय, नंदीच. पुण्याला चाललोय. डोळं तपासायला. फळ्यावरचं दिसत न्हाई म्हणती.

धनाजी : मोबाईल, दुसरं काय! प्रेरणाच्या साखरपुड्याला पण दिसली न्हाई ही.

गोरख : पेपर व्हता तिचा.

धनाजी : असं व्हय. थोरलीचं झ्याक जमलं बघा, मोठं घर मिळालं. आता हिचं बी बघा. येऊ का? टेम्पोवाला थांबलाय माजा.

गोरख : या, या.

(धनाजी जातो.)

गोरख : नंदे, थोरलीचं लगीन उरकूस्तोवर फकस्त. मग म्या कुणाच्या बापाला भीत न्हाई. ऐकतीस ना? बोल की कायतरी.

राजनंदिनी : आवाज गप झालाय, आप्पा.

गोरख : मग ब्येसच की! बघ, गेला का न्हाई?

राजनंदिनी : गेला नाही. त्याला आता सांगायचं काही राहिलं नाही.

गोरख : असं नगं बोलू, पोरी.

राजनंदिनी : एसटी आली. पिशवी द्या.

गोरख : राहू दे, म्या घेतो. ह्या बारीला लवकर आणतो बघ तुला. डॉक्टरीणबाईच्या पाया पडतो. लग्नात तू पायजेस, करवली हाईस तू.

राजनंदिनी : आप्पा, तिथं माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिलाही ऐकू यायचं. आम्ही दोघी एकमेकींना विचारायचो, आज काय म्हणाला, आणि हसायचो. घरी आल्यापासून मला कुणी काही विचारलंच नाही.

गोरख : म्या ईचारीन. ह्याच्यापुढं रोज ईचारीन.

राजनंदिनी : चढा तुम्ही आधी. आणि आप्पा, न्यायला यायची घाई करू नका.