डिग्री काढून

नागपूरच्या महाल भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात अस्मिताताई मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते आणि शेजारी मान खाली घातलेला त्यांचा मुलगा. कॉम्प्युटरवाला त्या मुलाचा बायोडेटा उघडून बसला होता.

"काका, इंजिनिअरची डिग्री काहून काढायची?"

"मिहानकडच्या कंपनीत वॉचमनची जागा आहे गा. मागच्या ठिकाणी सायेब म्हणे, इतका शिकलेला माणूस टिकत नाही. बारावीवरच थांबव."

"मग पुढची वर्षं रिकामी दिसून राहिली."

"काय रे वैभव, काय करत होता म्हणून लिहायचं?"

"काहीबी लिहा, बाबा."

"हातमागावर बसत होता म्हणून लिही. घरचा हातमाग इकूनच याले शिकवलं, पण ते कोण पाहते."

"सोबतच्या अर्जात लिहिलं आहे, नवीन शिकायची आवड आहे."

"तेही काढ. रात्रभर जागते, इतकं लिही."

"अन् फोटो?"

"हाच राहू दे. एवढाच चांगला आहे त्याचा."

"यात काळा गाऊन अन् टोपी आहे, काका. पदवीदानाचा आहे हा."

"गाऊनच्या जागी शर्ट लावता येते न?"

"येते. टोपीबी पुसून टाकतो."

अस्मिताताईंनी हातातले कागद हळूच पालथे केले.

"पूस. पण टोपीखाली कपाळापाशी थोडा भांग दिसते, तो राहू दे गा. त्या दिवशी त्याच्या मायनं पाडून देल्ला होता."